कार्बन आयन की प्रोटॉन? कॉर्डोमाबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर

वडिलांच्या कवटीच्या तळाशी कॉर्डोमा (हाडातली एक दुर्मिळ कर्करोगाची गाठ) आहे, शस्त्रक्रियेत तो पूर्ण निघाला नाही, आणि रेडिएशन देताना कार्बन आयनचे किरण म्हणजे फक्त महागडं प्रोटॉन का, असं तुम्ही विचारलंय. नाही, तसं नाही. पण त्यामुळे कार्बनच हवं असंही ठरत नाही.

नेहमीच्या रेडिएशनमधले एक्स-रे गाठीच्या आधी आणि नंतरही डोस देत जातात. प्रोटॉन आणि कार्बन दोन्ही आपली बरीचशी ऊर्जा वाटेच्या शेवटी एकदम सोडतात. यालाच ब्रॅग पीक म्हणतात. इथवर दोघं सारखे. कार्बनचं केंद्रक प्रोटॉनच्या सुमारे १२ पट जड, त्यामुळे ते वाटेत कमी विखुरतं आणि डोसची कड अधिक धारदार राहते. खरा फरक मात्र पेशीच्या आत पडतो. कार्बन इतक्या दाटीने ऊर्जा सोडतं, की डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर एकाच जागी अनेक घाव बसतात आणि पेशीला ते दुरुस्त करता येत नाहीत. एक्स-रेच्या तुलनेत प्रोटॉनचा परिणाम १.१ पट धरतात, कार्बनचा गाठीत साधारण २ ते ३ पट. ऑक्सिजन कमी असलेल्या, रेडिएशनला दाद न देणाऱ्या पेशींवरही तो बऱ्यापैकी चालतो. एक उणीव आहे: कार्बनचे वाटेत तुकडे होतात आणि थोडा डोस गाठीपलीकडे जातो.

कवटीच्या तळाचा कॉर्डोमा रेडिएशनला चिवट, शिवाय मेंदूखोडाला (मेंदू आणि मज्जारज्जू जोडणाऱ्या भागाला) खेटून असतो, म्हणून कार्बनचे हे गुण इथे उपयोगी वाटतात. जपानमध्ये चिबाला १९९४ पासून कार्बनने उपचार होतात; जर्मनीत डार्मश्टाटला १९९७ साली सुरुवात झाली, ती मुख्यतः कवटीच्या तळाच्या अशाच गाठींपासून. तिथे बारीक किरण गाठीवर ठिपक्या-ठिपक्याने फिरवायची स्कॅनिंग पद्धत वापरली, आणि माझ्या मते गेल्या काही दशकांतली सगळ्यात मोलाची सुधारणा हीच.

तरीही प्रोटॉननेही कॉर्डोमात चांगले निकाल मिळतात, आणि दोन्हींच्या थेट तुलनेचा पुरावा तुटपुंजा आहे. म्हणून कार्बनसाठी वाट पाहण्यात महिने घालवू नका. आधी सर्जनना विचारा, उरलेली गाठ मेंदूखोड आणि दृष्टीच्या नसांपासून किती मिलिमीटर दूर आहे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करून ते अंतर वाढवता येईल का. मग शस्त्रक्रियेनंतरचा एमआरआय आणि बायोप्सीचा रिपोर्ट, कार्बन आणि प्रोटॉन असे दोन्ही उपचार करणाऱ्या केंद्राला पाठवून मत घ्या.