गोव्यात पहिला फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचाय, आधी काय बघू?

आधी भाड्याचं गणित मांडा. समजा ६० लाखांचा टू बीएचके घेतला आणि महिना १८ हजार भाडं आलं तर वर्षाचे २ लाख १६ हजार, म्हणजे ३.६ टक्के, आणि त्यातून सोसायटी मेंटेनन्स, घरपट्टी, अधूनमधून रिकामा राहणारा महिना वजा करायचाय, लोन असेल तर ईएमआय भाड्यातून सुटेल ही आशा सोडाच. टॅक्समध्ये मात्र भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, ती विसरू नका.

पेपर बघताना बिल्डरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका, कन्व्हर्जन सनद (शेतजमीन बिगरशेती केल्याचा कागद) आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) हातात घ्या, वकील आपला लावा. पावसाळ्यात एकदा जाऊन भिंती बघाच, जुलैत खरं काय ते कळतं.

टुरिस्टांना रोजच्या भाड्याने द्यायचं तर टुरिझम खात्याकडे रजिस्ट्रेशन लागतं, सोसायटीवालेही कटकट करतात. मला विचाराल तर फोंडा-मडगावकडे नोकरीवाली फॅमिली बघा. ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, पोलिस व्हेरिफिकेशन, डिपॉझिट, आणि जाताना लाइट बिल क्लिअर केल्याशिवाय डिपॉझिट परत नाही!