स्वरयंत्राचं ऑपरेशन: श्वास कुठून घ्यायचा?

प्रश्न: माझे बाबा दशावतारात काम करतात. गेले काही महिने त्यांचा आवाज बसलाय. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून स्वरतंतूवर पॉलिप, म्हणजे मांसाची छोटी मऊ वाढ, असल्याचं सांगितलं. पूर्ण भूल देऊन काढणार आहेत. बाबांचं एकच म्हणणं, "घशात हत्यार घालतले, मगे मी श्वास खंयसून घेवचो?" काय सांगू त्यांना?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर: बाबांची शंका अगदी रास्त आहे. पाणंद एकच, आणि जायचंय दोघांना: सर्जनच्या हत्यारांना आणि श्वासाला. म्हणून आम्ही भूलतज्ज्ञ आणि सर्जन आधी बसून ठरवतो, कोणी किती जागा घ्यायची.

बहुतेक वेळा श्वासासाठी घशातून बारीक नळी घालतो. एरवी पुरुषांना साडेसात-आठ मिलिमीटर व्यासाची लागते, इथे पाचची. ती स्वरतंतूंच्या मागच्या बाजूला टेकून राहते, त्यामुळे पुढचा पॉलिप सर्जनला मोकळा दिसतो. टोकाजवळचा फुगा खाली श्वासनलिकेत फुगवलेला असतो, म्हणजे रक्त फुप्फुसात उतरत नाही. बारीक नळीतून हवा बाहेर यायला वेळ लागतो, तेवढी उसंत व्हेंटिलेटरवर द्यावी लागते.

नळीच अडचणीची ठरली, तर 'जेट'. बारीक सुईतून ऑक्सिजनचे जोरदार झोत सोडायचे. सँडर्स नावाच्या डॉक्टरांनी १९६७मध्ये ही रीत मांडली. यात माझी नजर छातीवरून हलत नाही. ती वर आली तशी खाली बसलीच पाहिजे, नाहीतर कोंडलेल्या हवेने फुप्फुसाला इजा होते. थोडक्या वेळाचं काम असेल, तर नाकातून मिनिटाला ७० लिटरपर्यंत उबदार, दमट ऑक्सिजन देऊनही भागतं.

लेझर वापरणार का, हे मात्र विचाराच. ऑक्सिजन आणि लेझर एकत्र आले की नळी पेटू शकते. म्हणून ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली ठेवतात, नळीही खास असते, आणि फुग्यात निळं सलाइन भरतात. फुगा फुटला तर निळा रंग लगेच दिसतो.

बाबांना भूलतज्ज्ञांकडे आधीच घेऊन जा. तंबाखू, विडी, झोपेतलं घोरणं, हलणारा दात, रात्री झोपल्यावर दम कोंडणं, काही लपवू नका. रात्रभर नाटक करणाऱ्यांचं जेवण अवेळी असतं, तेव्हा उपाशी कधीपासून राहायचं ते नीट विचारून घ्या.

आणि त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतील; कंपनीच्या मालकांशी आत्ताच बोलून ठेवा. सर्जन सांगतील तितके दिवस बाबांनी बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.