मेणाच्या घराचं मे महिन्यात काय होतं?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही देवगडजवळ राहतो, मुलगी साडेपाच वर्षांची. वाढदिवसाला तिला चिऊकाऊचं चित्रांचं पुस्तक आलं, छान जाड पानांचं. त्यात चिऊताई चार-पाच वेळा थांब म्हणते, मग दार उघडते, काऊला टॉवेल देते, गरम सूप देते (सूप! असो) आणि शेवटच्या पानावर चौकटीत तात्पर्य, संकटात सगळ्यांना मदत करावी. सासूबाई मात्र जुनीच गोष्ट सांगतात, चिऊ काऊला तापल्या तव्यावर बसवते आणि तो भाजतो. मी म्हटलं आई असलं नका ना सांगू, तर म्हणतात, "आमी हीच गोष्ट आयकान वाढलंव, काय बिघाडला?" आता परवा धो धो पावसात तिचा मावसभाऊ दुकानातून भिजून आला तर हिने आतून कडी घातली आणि दहा मिनिटं त्याला पागोळ्यांखाली उभं केलं, "थांब, माझ्या बाहुलीला तीट लावू दे, थांब, काजळ घालू दे." वर मला विचारते, आई, आपलं खळं (अंगण) पण शेणाचंच ना, मग आपण काऊसारखे घाण का? (चित्रात काऊच्या घरावर माश्या काढल्यात.) कुठली गोष्ट सांगू, नवी की जुनी?

उत्तर : आधी सॉरी, मला हसूच आलं. पोरीने गोष्ट अगदी नीट ऐकलीय हो! त्यात सगळ्यात जास्त वेळा काय येतं, "थांब". ते म्हणायलाही मजा येते. मदत येते एकदाच, आणि ती चौकट आपण मोठेच वाचतो, पुस्तक विकत घेताना. मुलं उचलतात ते परत परत येणारं आणि चित्रात दिसणारं.

म्हणून मला तव्यापेक्षा त्या माश्या जास्त खुपल्या. तुम्ही दिवाळीआधी खळं सारवता तेव्हा ती बाजूला बसून हात माखून घेत असणार, तिला तो वास घरचा वाटतो, आणि पुस्तकाने दोन माश्या काढून सांगितलं की ही घाण. काऊ काळा, त्याचं घर शेणाचं, तो आळशी, सगळं एकाच पानावर. पितृपक्षात पान वाढून आपण ज्याला का का करून बोलावतो आणि नाही आला तर जीव टांगणीला लागतो, तो हाच कावळा ना? तिला हेच सांगा. आणि विचारा, पावसात शेणाचं घर वाहिलं ठीक आहे, पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता मेणाच्या घराचं काय होईल? आत्ता ऊन नाही तर मेणबत्ती चुलीजवळ ठेवून दाखवा कशी वाकते ती. मग चिऊ कुणाच्या दारात जाईल ते तिलाच सांगू दे, तुम्ही उत्तर देऊ नका.

आता तव्याचं. टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग छापला, लहान मुलांना खोटं बोलायचा मोह होईल असा खेळ खेळवला आणि मध्ये गोष्टी वाचून दाखवल्या. खोटं बोलल्यावर पिनोकिओचं नाक लांब होतं किंवा लांडगा येतो त्या गोष्टींनी काहीच फरक पडला नाही, पण खरं बोलल्यावर वडील खूश होतात अशी गोष्ट ऐकलेली मुलं जास्त खरं बोलली. तेव्हा काऊ भाजल्याने कुणी शहाणं होत नाही, पण सासूबाईंच्या तोंडून ऐकल्याने बिघडतही नाही, आजीच्या आवाजात भीतीही मजेची असते. त्यांना अडवू नका. गोष्टी बदलतातच. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली तिची सख्खी आई होती, १८१९ मध्ये तिला सावत्र केली. सख्खी आई सुटली, पण सावत्र आयांच्या कपाळी तो शिक्का कायमचा बसला तो बसलाच.

आणि मदतच शिकवायचीय तर पक्षी कशाला? टोरंटोतल्याच आणखी एका प्रयोगात (२०१७) प्राण्यांऐवजी माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आपले स्टिकर जास्त वाटले. तुमच्याकडे तर गोष्ट तयार आहे, मे २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ. कुणाची कौलं उडाली, कोण कुणाकडे झोपायला गेलं, लाईट किती दिवस नव्हती, आणि ती स्वतः तेव्हा तान्ही होती, कुणाच्या मांडीवर होती. त्यात तिचा मावसभाऊ असेल तर फारच उत्तम. दुसऱ्या दिवशी "काय शिकलीस?" एवढं मात्र विचारू नका, ती शाळेसारखं उत्तर देईल आणि संपलं.

प्रश्न : रत्नागिरीहून. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट वाचताना मुलगा (वय ७) म्हणाला, म्हातारी वाघाला खोटं बोलली ना, मग मी बोललो की ओरडता का? काय सांगू?

उत्तर : हो म्हणा, बोलली. वाघाला. लेकीकडून जाडजूड होऊन परत येते, मग खा म्हणाली आणि भोपळ्यात बसून टुणुक टुणुक निघून गेली, दुसरं काय करणार होती बिचारी? मग त्याला विचारा, तू परवा बोललास तेव्हा समोर वाघ होता की गणिताच्या बाई. बाईच होत्या म्हणाला तर प्रश्न मिटला, वाघ म्हणाला तर शाळेत एकदा चौकशी करून या.