मुदत संपण्याआधीच घरमालक घर सोडायला सांगत असेल तर काय करावे?

आपण लिहिले आहे त्यानुसार, महाराष्ट्रात 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर (म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी देणाऱ्या करारावर) आपण सदनिका घेतली आहे, करार फक्त नोटरी केलेला आहे आणि मुदतीचे चार महिने शिल्लक असताना मालक घर रिकामे करण्यास सांगत आहेत; न ऐकल्यास पाणी तोडू आणि रंगकामापोटी सगळे डिपॉझिट ठेवून घेऊ, असेही ते म्हणतात. मी वकील नाही, परंतु घर देणारा आणि घेणारा अशा दोन्ही नात्यांनी असे करार केलेले आहेत.

आधी नोटरीविषयी. करार 11 महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज नोंदणी कायद्यातील एका वर्षावरील भाडेपट्ट्यांच्या तरतुदीवरून पडला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधील कलम 55 प्रमाणे मात्र लिव्ह अँड लायसन्सचा करारही, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे असे की, नोंदणीकृत करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिले याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकांना हे कलम शांतपणे दाखवावे. माझ्या अनुभवात आवाज खाली येण्यास एवढे बहुधा पुरते.

मुदतीआधी बाहेर काढण्याबाबत कराराचे शब्द पाहावेत. एक महिन्याच्या नोटिशीने करार संपवण्याची मुभा मालकाला दिलेली असेल, तर तेवढी नोटीस देऊन ते तसे करू शकतात. तशी मुभा नसेल आणि आपली काही चूक नसताना आपल्याला काढले, तर भारतीय सुविधाधिकार कायदा, 1882 मधील कलम 64 नुसार मोबदला देऊन घेतलेल्या लायसन्सबद्दल भरपाई मागता येते. लायसन्स रद्द झाल्यावरही सामान हलवण्यासाठी वाजवी वेळ मिळतो, तो कलम 63 प्रमाणे.

पाणी आणि वीज तोडण्यास मनाई करणारे भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 29 भाडेकरूविषयी बोलते, आणि लायसन्सी, म्हणजे आपल्यासारखा लायसन्सवर राहणारा, त्या अर्थाने भाडेकरू नव्हे. म्हणून केवळ त्या कलमावर विसंबू नये. धमकी लेखी स्वरूपात मिळवावी आणि वेळ आली तर कराराच्या आधारे दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागावा.

डिपॉझिटचा वाद मी स्वतः भोगला आहे. आमच्या करारात 'मूळ स्थितीत परत देणे' एवढेच शब्द होते. शेवटच्या दिवशी मालक भिंतीवरची खिळ्यांची भोके मोजत फिरत होते आणि न्हाणीघरातला गळका नळ आम्ही येण्याआधीपासूनच गळत होता, हे दाखवायला माझ्याकडे एकही छायाचित्र नव्हते. भाडेपट्ट्यांच्या बाबतीत मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळूनच चांगल्या स्थितीची अपेक्षा ठेवते, आणि लायसन्समध्येही बोलणी करताना हाच निकष पुढे ठेवावा. फिकट झालेला रंग ही झीज आहे, फुटलेले बेसिन हे नुकसान. कपात करायची असेल तर खर्चाची बिले मागावीत. आपण आजच प्रत्येक खोलीची तारखेसह छायाचित्रे काढून ती मालकांना पाठवून ठेवावीत.

एका बाबतीत मात्र आपली बाजू कमकुवत होऊ शकते. डिपॉझिट मिळेपर्यंत घर सोडणार नाही, किंवा ते भाड्यात वळते होईपर्यंत राहीन, असा सल्ला अनेकजण देतात. तो ऐकू नये. मुदत संपल्यावरही ताबा न दिल्यास भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकतात आणि राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम द्यावी लागते. तेथे बाजू मांडण्याची परवानगीही समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत मागावी लागते. म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवशी मीटरचे आकडे नोंदवून, किल्ल्या दिल्याची सही असलेली ताबा पावती घेऊन बाहेर पडावे, आणि अडवलेल्या डिपॉझिटसाठी वेगळी लेखी नोटीस पाठवावी.