डिफेन्ससाठी टॉपची स्टिक हप्त्यावर घेऊ का?

ताई, तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, कारण आर्थिक सल्ला मागताय पण निम्म्याहून जास्त पत्र हॉकी स्टिकचा बो (दांड्याचा वाक) आणि कार्बन यावरच आहे. मी पण बरीच वर्षं फुलबॅक (सगळ्यात मागचा बचावपटू) खेळलोय त्यामुळे मला काय, आवडलंच, पण मग उत्तरही तसंच जरा मिसळलेलं येणार, पैसे आणि हॉकी दोन्ही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात प्रश्न सांगतो. ताई आधी फॉरवर्ड खेळायच्या, या सीझनपासून कोचनी मागे डिफेन्सला टाकलंय. आठवड्याला दोन प्रॅक्टिस, एक मॅच, वाळूचं टर्फ. जुनी स्टिक साडेछत्तीस इंची, हलकी, कडेने झिजलेली. आता मनात भरलीये ती कंपनीची सगळ्यात वरची, जवळजवळ पूर्ण कार्बनची लो बो स्टिक. निम्मे पैसे साठवलेत, उरलेले आठ महिन्यांच्या "बिनव्याजी" हप्त्यावर. आणि पत्राच्या शेवटी, अगदी सहज म्हणून लिहिल्यासारखं, की क्रेडिट कार्डावर थोडी बाकी आहे आणि सध्या मिनिमम ड्यू, म्हणजे किमान रक्कमच, भरतेय. ताई, हे शेवटी लिहिलंत पण खरं तर सुरुवातीला यायला हवं होतं.

तुमचे आकडे इथे उघड करत नाही, हिस्स्यात बोलू. चांगल्या मध्यम स्टिकची किंमत म्हणजे एक हिस्सा धरा. तुमची टॉपची स्टिक चार हिस्से. तुमच्याकडे साठलेत दोन. कार्डाची बाकी दीड. हप्ता म्हणून महिन्याला पाव हिस्सा बाजूला काढायची तुमची तयारी आहे, म्हणजे आठ महिन्यांत दोन. एवढंच चित्र आहे.

आता कार्डावर महिन्याला ३ टक्के व्याज धरलं (तुमच्या स्टेटमेंटवर बघा, ते कमी-जास्त असेल) तर वर्षाला चक्रवाढीने ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. दीड हिस्सा बाकी तशीच ठेवून तुम्ही आठ महिने स्टिकचे हप्ते फेडत बसलात तर नुसत्या व्याजातच मध्यम स्टिकच्या तिसऱ्या भागाहून जास्त पैसे जातील आणि मूळ बाकी जवळपास होती तिथेच. शिवाय एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते, की कार्डावर मागची बाकी पुढे ओढत असलात तर नवीन खरेदीवर ते जे बिनव्याजी दिवस मिळतात ते सहसा मिळत नाहीत, व्याज खरेदीच्या दिवसापासून चालू. म्हणजे उद्या त्याच कार्डावर साधी ग्रिप घेतली तरी ती व्याजाने घेतली.

बिनव्याजी हप्त्याचं तर काय सांगायचं. पैसे वापरायला देणारा फुकट देत नाही, रोख घेतलं तर जी सूट मिळाली असती ती इथे मिळत नाही, किंवा प्रोसेसिंग फी लागते, किंवा दोन्ही. रोखीचा भाव काय ते नुसतं विचारून बघा, फरक लगेच कळेल. आणि आठातला एक हप्ता जरी चुकला तरी "बिनव्याजी" हा शब्द तिथेच संपतो.

तर पैशाच्या बाजूने उत्तर सरळ आहे, हप्त्यावर नको. पण तुम्ही म्हणाल की ठीक आहे, हप्ता नको, थांबून रोख चार हिस्से भरून घेते, मग? तेव्हा पण मी नकोच म्हणेन, आणि ते पैशामुळे कमी, तुमच्या जागेमुळे जास्त.

महाग स्टिकमध्ये जास्तीचे पैसे कशाचे जातात, तर मुख्यतः कार्बनचे. कार्बन जास्त तेवढी स्टिक कडक, मारलेल्या बॉलला जोर जास्त. हे खरं आहे, त्यात फसवणूक नाही. पण कडक स्टिकवर बॉल थांबवताना तो तेवढाच उसळून पुढे जातो, आणि बॅकचं अर्धं काम थांबवायचंच असतं. दुसऱ्या बॅकनी जोरात पास दिला, बॉल तुमच्या स्टिकला लागून हातभर पुढे गेला, समोर त्यांची फॉरवर्ड उभी आहे आणि मागे आपली डी (गोलसमोरचं अर्धवर्तुळ). तुम्ही स्वतः फॉरवर्ड होतात, अशा हातभर सुटलेल्या बॉलवर तुम्ही काय करायचात ते आठवा! हात खूप पक्के असतील तर कडक स्टिकवर पण बॉल मरतो, पण जागा बदलून जेमतेम अर्धा सीझन झालाय, आत्ता तुम्हाला थोडी माफ करणारी स्टिक हवी. ५० ते ७० टक्के कार्बन, बाकी फायबरग्लास आणि थोडं अरामिड (चिवट धागा), एवढ्यात बॉल दूर क्लिअर करायला जोर पुरतो आणि ट्रॅप, म्हणजे बॉल थांबवणं, पण हातात राहतो. आणि हो, स्टिकवर छापलेला टक्का म्हणजे दर्जा नव्हे, कार्बन कुठल्या प्रतीचा आणि कसा घातलाय ते त्या आकड्यात दिसत नाही, त्यामुळे ९० आणि ९५ मध्ये जास्तीचे पैसे द्यायच्या आधी विचार करा.

बो बद्दल. नियमाने बो जास्तीत जास्त २५ मिलिमीटर, आणि सगळ्यात खोल भाग हेडच्या (खालच्या वळलेल्या भागाच्या) तळापासून किमान २०० मिलिमीटर वर असावा लागतो. लो बो म्हणजे त्या खालच्या मर्यादेजवळ नेलेला, ड्रॅग फ्लिक (बॉल स्टिकवर ओढत नेऊन गोलवर फेकणं) आणि एरियलला (उंच फेकलेल्या पासला) मस्त, बॉल स्टिकवर बसतो आणि उचलला जातो. पण तीच स्टिक घेऊन साधा हिट मारायला जाल तर सवय होईपर्यंत बॉल उडतो. फॉरवर्ड गोलवर मारते तेव्हा थोडा उडाला तर चालून जातं, बॅकनी स्वतःच्या डी समोरून मारलेला बॉल गर्दीत उडाला तर अंपायर धोकादायक म्हणून शिट्टी मारणार, आणि डी च्या आत तसं झालं की पेनल्टी कॉर्नर (पीसी). तुम्ही लिहिलंय की "पुढेमागे पीसीला ड्रॅग फ्लिक मारायची इच्छा आहे". आत्ता टीममध्ये पीसी कोण घेतं? तुम्ही नाही, ते तुमच्याच पत्रात आहे. मग जे काम अजून आपल्याकडे आलेलंच नाही त्याच्या हत्याराचे पैसे आज का भरायचे? ड्रॅग फ्लिक शिकायला लागलात, कोचनी रांगेत उभं केलं, की तेव्हा लो बो घ्या, मी नाही अडवणार. सध्या मिड बो, नाहीतर त्याहून सरळ.

लांबी मात्र बदला असं मी म्हणेन. साडेछत्तीस फॉरवर्डला ठीक, मागे खेळताना एक इंच जास्त म्हणजे साडेसदतीस घेऊन बघा, जॅब करताना (स्टिक पुढे खुपसून बॉल काढताना) आणि आडवी स्टिक टाकून अडवताना तो इंच उपयोगी पडतो. पण उंचीला झेपली पाहिजे, स्टिक उभी धरली की साधारण कंबरेच्या हाडापाशी यावी, फार वर गेली तर रिव्हर्सला (स्टिक उलटी फिरवून डावीकडे खेळताना) अंगात अडकते. वजनाचं, नियम ७३७ ग्रॅमपर्यंत परवानगी देतो पण तेवढी जड आजकाल कोण वापरतं, बहुतेक स्टिक्स सव्वापाचशे ते साडेपाचशेच्या आसपास असतात. बॅकला या पट्ट्यातली वरच्या बाजूची बरी, अडवताना मनगटात हलत नाही. "डिफेन्स म्हणजे जडच" असं कोणी सांगितलं तर रिव्हर्सला झटकन फिरवून बघा, हात मागे राहिला तर ती तुमची नव्हे.

आता तुमच्या जुन्या स्टिकचा फोटो. टोच्या (हेडच्या टोकाच्या) बाजूची कड घासून आतले पांढरे धागे दिसायला लागलेत ना, ते मला सगळ्यात बोलकं वाटलं. तुम्ही मागे गेल्यापासून स्टिक जमिनीला लावून टॅकल करायला लागलाय आणि वाळूचं टर्फ सँडपेपरसारखं कड घासतं, ते काम नीट करताय त्याचीच खूण आहे ती. पण वाळूला स्टिकची किंमत कळत नाही हो. चार हिस्स्यांची स्टिक चारपट टिकत नाही, कड तशीच झिजणार, उलट कडक स्टिकवर कडेला वेडावाकडा दणका बसला तर तडा जायची भीती जास्त. आणि वॉरंटी सहसा बनवण्यातल्या दोषाची असते, झिजेची नसते. तुमच्या खेळण्याने वर्षाला शंभराच्या वर वेळा स्टिक बाहेर निघते, म्हणजे एका वेळचा खर्च काढला तर महाग स्टिक जवळपास चारपटच पडते, तो फरक टिकाऊपणातून कुठेही भरून निघत नाही. घरी पाण्याचं टर्फ असतं, आठवड्याला पाच-सहा दिवस वरच्या लेव्हलला खेळत असता, पीसी तुमच्याकडे असता आणि कर्ज शून्य असतं, तर मी हेच उत्तर वेगळं लिहिलं असतं.

मग करायचं काय. साठलेल्या दोनातून आजच दीड हिस्सा कार्डावर टाका, बाकी शून्य. पुढचं बिल पूर्ण भरायचं, ऑटो-पे "मिनिमम" वर लावलेलं असेल तर ते "पूर्ण रक्कम" वर करा, अनेकांचं तिथेच राहून जातं. उरला अर्धा हिस्सा. त्यातून निम्म्यात माउथगार्ड, नीट बसणारे शिन गार्ड आणि डाव्या हाताचा ग्लोव्ह. तुम्ही लिहिलंय की माउथगार्ड वापरतच नाही, अहो पीसीला गोललाइनवरून धावत बाहेर येणार आणि तोंडात काही नाही? दातांचा खर्च कुठल्याही स्टिकच्या बजेटमध्ये बसत नाही. हे स्टिकच्या आधी, यात चर्चा नाही. टीमकडे पीसीचे फेस मास्क आहेत का तेही विचारा.

राहिला पाव हिस्सा, त्यात हप्त्यासाठी काढणार होतात तो पाव दर महिन्याला टाकत जा. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एक हिस्सा पूर्ण, मध्यम स्टिक रोखीने, तेव्हा सूट मागायला तोंड पण असेल. मागच्या वर्षीचं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या, पुष्कळदा नुसते रंग आणि स्टिकर बदललेले असतात. आणि हे तीन महिने नुसते थांबायचे नाहीत. जुन्या स्टिकवर नवी ओव्हरग्रिप चढवा आणि प्रॅक्टिसला टीममधल्या प्रत्येकीची स्टिक थोडा थोडा वेळ मागून घ्या, दहा जोरातले बॉल ट्रॅप करा, दहा हिट मारा, डावीकडून येणाऱ्या खेळाडूला रिव्हर्सने अडवा, आणि लांबी, वजन, बो, कार्बन फोनमध्ये लिहून ठेवा. दुकानात उभं राहून स्टिक हलवून काहीही कळत नाही, तिथे सगळ्याच छान वाटतात.

चौथ्या महिन्यापासून तोच पाव हिस्सा चालूच ठेवा, पण आता इमर्जन्सी फंडात. तुमच्याकडे जेमतेम एका महिन्याच्या खर्चाएवढं आहे, ते तीनवर गेल्याशिवाय मला झोप लागणार नाही, तुम्हाला लागत असेल तर कमाल आहे. नवीन स्टिक हातात बसली असं दोन-तीन महिन्यांनी वाटलं तर अगदी तशीच दुसरी घ्यायचा विचार करा, मॅचमध्ये एक मोडली तर अनोळखी स्टिक हातात घेऊन डिफेन्स करणं फार वाईट.

कॉन्फिडन्सचं जे लिहिलंय, की नवी स्टिक आली की परत येईल, त्यावर मी फार बोलत नाही, थोडा येतो पण. हौसेला माझा विरोध नाही, हौसेचा वेगळा डबा असावा एवढंच, आणि तो कार्डावर उघडू नये. त्यातले थोडे कोचला एक्स्ट्रा सेशनसाठी दिलेत तर फुलबॅकला कुठे उभं राहायचं ते तरी पक्कं होईल, कारण आत्ता तुमची अडचण मला स्टिकपेक्षा तीच वाटतेय.

शेवटचा प्रश्न, की मैत्रीण तिची तीच टॉपची स्टिक निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे. म्हणजे बरोबर दोन हिस्से, बरोबर तुमच्याकडे आहेत तेवढेच, म्हणून मोह होतोय. नको. बो तोच, कडकपणा तोच, वर ती किती वापरलीये माहीत नाही, कंपोझिटमधली बारीक चीर रंगाखाली दिसत नाही आणि वॉरंटीही बहुधा पहिल्या गिऱ्हाइकाचीच असते. मागून घ्या मात्र, आठवडाभर प्रॅक्टिसला वापरून बघा, ट्रॅप किती सुटतात ते मोजा, आणि कार्डाची बाकी शून्य झाल्याचं स्टेटमेंट आलं की मला कळवा.