अबोला धरलेल्या शापायविषयी काय बोलू?

ताई, आमच्या आजोबांना, म्हणजे शापायना, जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. रोजची मीस (चर्चमधली मिस्सा), रोजचा तेर्स (जपमाळेची प्रार्थना), कोन्फ्रारियेची (चर्चच्या बंधुमंडळाची) कामं, यातच त्यांचं आयुष्य गेलं. वर्षाच्या मिसेत मी दोन शब्द बोलावेत असं काका म्हणतात. माझी आई डिचोलीची हिंदू, मी मराठी शाळेत शिकले, माझा बाप्तिस्मा झालेला नाही. मी देवळात लग्न केलं तेव्हापासून शापाय माझ्याशी बोलले नाहीत. दर रविवारी काकांबरोबर उंडे (पाव) मात्र पाठवायचे. 'श्रद्धाळू, प्रेमळ' असं लिहायला घेतलं की हात अडतो. ढोंग वाटतं.
– एक नात, म्हापसा

प्रिय नातीस,

हात अडतोय ते बरंच आहे. 'श्रद्धाळू' हा शब्द गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला चिकटवता येतो. त्यात तुझे शापाय दिसणार नाहीत.

आधी विगाराला, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्र्याला, भेट. मयताच्या मिसेत प्रवचनाच्या जागी मृताचं गुणगान करू नये, असा चर्चचा नियमच आहे. त्यामुळे वर्षाच्या मिसेतही काही पाद्री हात आखडता घेतात. परवानगी मिळालीच तर सहसा कोमुन्यांवानंतरची (पवित्र भाकरी घेतल्यानंतरची) प्रार्थना झाल्यावर, शेवटच्या आशीर्वादाआधी. तीन मिनिटं धर. घुमणाऱ्या इगर्जीत (चर्चमध्ये) सावकाश वाचलं तर तेवढ्या वेळात तीनशेच्या आसपास शब्द होतात. कागद आधी दाखव. शक्यतो आठवड्याचा साधा दिवस घ्या. रविवारची एक मीस विगाराला फिर्गजेच्या (पॅरिशच्या) लोकांसाठीच करावी लागते, वाचनंही त्या रविवारचीच असतात, आणि घरच्या माणसांसाठी सवड कमी मिळते. बाप्तिस्मा नाही म्हणून दोन शब्द बोलायला सहसा अडत नाही. बायबलचं वाचन मात्र चुलतभावाला दे आणि कोमुन्यांवाच्या वेळी जागेवर बस. कोणी वळून पाहणार नाही.

आता मजकूर. त्यांचा दिवस तासांनी मांड. पहाटे कितीच्या मिसेला जायचे, पायी की सायकलवर, कुठल्या बाकावर बसायचे? संध्याकाळच्या आंजेलूसच्या प्रार्थनेची घंटा झाली की हातातलं काम तिथेच ठेवायचे का? ओरातोरासमोर (घरच्या देव्हाऱ्यासमोर) तेर्स कोण सुरू करायचं, लादाईन (गायची प्रार्थना) लातिनात व्हायची की कोंकणीत? तेर्स संपल्यावर मुलं 'बेसांव दी' (आशीर्वाद दे) म्हणत पुढे यायची तेव्हा हात डोक्यावर टेकायचा की नुसताच उचलला जायचा? तुला आठवत नसेल तर काकीला विचार, असल्या गोष्टी बायकांच्या लक्षात राहतात. ओपा-मुर्स (कोन्फ्रारियेचा झगा) कुठल्या पेटीत असायचा, पुरशांवाआधी (मिरवणुकीआधी) इस्त्री कोण करायचं, हेही विचार. त्यांचं प्रार्थनेचं पुस्तक उघडून बघ. जुन्या पुस्तकांत पानापानांतून मेलेल्यांची स्मृतिकार्डं खोचलेली असतात. तो माणूस रोज कोणासाठी प्रार्थना करत होता, त्याची ती यादीच.

तारखा घरच्यांच्या आठवणीवर सोडू नकोस, जन्मदिवस आणि बाप्तिस्म्याचा दिवस यांची सरमिसळ हमखास होते. ज्या फिर्गजेत बाप्तिस्मा झाला तिथल्या नोंदवहीचा उतारा माग. आईवडील, पादीन-मादीन (धर्मपिता-धर्ममाता) यांची नावं मिळतील, समासात लग्नाची नोंदही असेल. वडीलधाऱ्यांसाठी स्मृतिकार्ड रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीत छापणार असाल, तर नावाचं स्पेलिंग घरात एकदा ठरवून घ्या. एकाच माणसाची तीन स्पेलिंगं असलेली घरं कमी नाहीत. तुझा स्वतःचा कागद देवनागरीतच ठेव आणि घरात बोलतेस तशी कोंकणी बोल. पोथीतली मराठी तिथे नको.

एक चूक बहुतेक सगळे करतात: 'आज शापाय स्वर्गात बसून आपल्याकडे बघताहेत.' मग मीस कशाला? वर्षाची मीस त्यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी असते. शापायसारखा माणूस दुसऱ्यांच्या मिसेला त्यासाठीच जात असणार. म्हणून शेवट त्यांच्यासाठी प्रार्थना मागून कर. तू स्वतः ख्रिस्ती नसलीस तरी हे मागता येतं.

राहिला अबोला. त्याचा हिशेब इगर्जीत मांडू नकोस, आणि 'माझ्यावर जिवापाड प्रेम होतं' असंही म्हणू नकोस; समोर बसलेल्या निम्म्या लोकांना खरं ठाऊक आहे. उंड्यांचं सांग. 'माझ्या लग्नानंतर शापाय माझ्याशी बोलले नाहीत. दर रविवारी उंडे पाठवत राहिले.' एवढंच, पुढे त्याचा अर्थ लावू नकोस. ही दोन वाक्यं काकांना आधी वाचून दाखव. ते नको म्हणाले तर काढ, पण त्या जागी गोड खोटं घालू नकोस.

राग असेल तर तो वर्षानंतरही असू शकतो. तो आवळून धरत भाषण करायची सक्ती तुझ्यावर नाही. जमत नसेल तर लिहून दे आणि भावाला वाचू दे.

लांबलचक आठवणींना घरची लादाईन बरी. चणे आणि ग्लास फिरू लागले की म्हातारे आपसूक बोलते होतात, तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेव. आणि मिसेची तारीख याच आठवड्यात फिर्गजेच्या ऑफिसात लिहून घे, पुढच्या महिन्यातले दिवस तोवर भरलेले असू शकतात.