लोअर ईस्ट साइडची पायी टूर: गाइड घ्यावा का, आणि कोणती टूर निवडावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरमध्ये आई-बाबा सांगलीहून येताहेत. त्यांना न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांच्या जुन्या वस्त्या दाखवायच्या आहेत. 'लोअर ईस्ट साइड, चायनाटाउन, लिटल इटली, दोन तासांत' अशी टूर सापडली आहे. ती घ्यावी, की फोनवर नकाशा उघडून आपलं आपण फिरावं? आईंचे गुडघे दुखतात आणि दोघंही शाकाहारी आहेत.

गाइड घ्याच. पण दोन तासांत तीन वस्त्यांची ही टूर घेऊ नका.

मी एकोणीस वर्षं जर्सी सिटीत राहते. भारतातून कुणीही आलं की त्यांना एक दिवस तरी त्या गल्ल्यांमधून हिंडवते, त्यामुळे चांगल्या आणि वाईट दोन्ही टूर करून झाल्या आहेत. पहिलीच टूर अशी तीन-वस्त्यांची होती. गाइड झपाझप पुढे चालत होता, प्रत्येक कोपऱ्यावर टोळीयुद्धाचा एखादा किस्सा सांगायचा आणि मग खाण्याच्या दुकानासमोर थांबायचा. एलिस आयलंड या बंदरातल्या बेटावर पूर्वी स्थलांतरितांची तपासणी व्हायची; तिथे अधिकारी लोकांची नावं बदलून टाकायचे, हेही त्याने ठणकावून सांगितलं. ते खरं नाही. प्रवाशांच्या याद्या जहाज निघतानाच तयार व्हायच्या आणि एलिस आयलंडवरचे कारकून समोरचा माणूस त्या यादीशी ताडून बघायचे. नावं बदलली ती बहुतेकांनी नंतर स्वतःच, नोकरीसाठी किंवा मुलांच्या शाळेसाठी. तेव्हापासून नवा गाइड भेटला की मी हा एक प्रश्न विचारून घेते. उत्तरावरून पुढचे दोन तास कसे जाणार ते कळतं.

तरीही गाइड घ्या म्हणते, कारण या वस्तीत नुसत्या डोळ्यांना फार थोडं दिसतं. ऑर्चर्ड स्ट्रीटवर तुम्हाला विटांच्या पाच-सहा मजली इमारती, बाहेरून लोखंडी जिने, खाली कॉफीची आणि कपड्यांची दुकानं दिसतील. त्याच भिंतींआड आधी जर्मन, मग पूर्व युरोपातले ज्यू, मग पोर्तो रिकोचे आणि चिनी लोक कसे राहून गेले, हे कुणी उलगडून दाखवल्याशिवाय कळत नाही.

माझा सल्ला: आधी एक घर आतून बघा, मग रस्त्यावर चाला. घर म्हणजे टेनेमेंट म्युझियम; टेनेमेंट म्हणजे आपल्या चाळीसारखी भाडेकरूंची इमारत. ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट ही इमारत १८६३ साली लुकास ग्लॉकनर या जर्मनीहून आलेल्या शिंप्याने बांधून घेतली. १९३५पर्यंत तिथे वीसहून जास्त देशांमधली सुमारे ७,००० माणसं राहून गेली. घरांबद्दलचे कायदे कडक होत गेले तेव्हा दुरुस्तीवर खर्च करण्याऐवजी मालकाने भाडेकरूंना बाहेर काढलं, वरचे मजले बंद केले आणि खालची दुकानं तेवढी चालू ठेवली. पन्नासेक वर्षं वरच्या खोल्या तशाच पडून होत्या. १९८८ साली रूथ एब्रम आणि अनिता जेकबसन या दोघी म्युझियमसाठी जागा शोधत होत्या, त्यांना ही इमारत सापडली. आज ती बिऱ्हाडं फक्त गाइडबरोबरच बघता येतात आणि ते योग्यच आहे.

एका बिऱ्हाडाला तीन खोल्या, सगळ्या मिळून साधारण ३२५ चौरस फूट. बाहेरचा उजेड येतो तो एकाच खोलीत, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली अंधारी. १९०१च्या कायद्याने मालकांना उजेडाची आणि घरातल्या संडासांची सोय करायला लावली, त्याआधी संडास मागच्या अंगणात होते. हॅरिस आणि जेनी लेव्हिन या जोडप्याच्या बिऱ्हाडात तर १८९०च्या दशकात कपडे शिवायचा कारखाना चालायचा. त्याच जागेत शिलाई, इस्त्री, स्वयंपाक, तान्हं मूल. नॅटली गुम्पर्ट्झची गोष्ट ऐकताना मी दर वेळी गप्प होते. १८७४ साली तिचा नवरा एका सकाळी कामाला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. तिने शिवणकामावर मुलं वाढवली.

माझी आई परळच्या चाळीत वाढलेली. सात वर्षांपूर्वी तिला तिथे घेऊन गेले तेव्हा त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात ती बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "विचार त्यांना, पाणी कुठून भरायचे? आणि पहिला नंबर कुणाचा?" मी इंग्रजीत विचारलं. गाइड बाईंनी सांगितलं, की सुरुवातीला पाणी खाली अंगणातून भरून जिन्याने वर आणावं लागे. मग त्यांनीच आईला उलट विचारलं, की तुमच्याकडे कसं होतं? पुढची दहा मिनिटं आई बोलत होती, मी भाषांतर करत होते आणि बरोबरचे आठ-दहा अनोळखी लोक ऐकत होते. म्हणून सांगते, आई-बाबांना मागे उभं करू नका. त्यांचे प्रश्न गाइडपर्यंत पोचवायचं काम तुम्ही करा. वीसपेक्षा मोठ्या गटात हे जमत नाही, दहा-बारा जणांचा गट बघा.

आता रस्त्यावरचं. माझ्या मते अख्ख्या भागातली सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे मॉट स्ट्रीटवरचं चर्च ऑफ द ट्रान्सफिगरेशन. १८०१ साली ते लुथरन पंथीयांसाठी बांधलं गेलं. १८५३ साली कॅथलिकांनी विकत घेतलं, तेव्हा भोवती आयरिश लोक होते. पुढे इटालियन आले आणि आज तिथे इंग्रजीबरोबर कँटोनीज आणि मँडरिनमध्येही प्रार्थना होते. भिंती त्याच, आतली भाषा मात्र बदलत गेली. जो गाइड इथे पाच मिनिटं तरी थांबतो त्याला वस्ती कळली आहे, असं मी समजते. एल्ड्रिज स्ट्रीटवरचं १८८७ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तेही असंच. ते पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी बांधलं आणि आज त्याच्या चारही बाजूंना चिनी दुकानं आहेत. वीस वर्षं डागडुजी करून २००७ साली ते पुन्हा उभं केलं. आतली निळी गोल काच जरूर बघा.

गाइडने कायद्यांबद्दल बोललं पाहिजे. ही अट तुम्हाला कोरडी वाटेल, पण या गल्ल्यांचं रूप कायद्यांनीच घडवलं आहे. १८८२ साली चिनी मजुरांना देशात यायला बंदी झाली आणि ती १९४३पर्यंत टिकली. बायका-मुलांना आणणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे चायनाटाउन कित्येक वर्षं बहुतांशी एकट्या पुरुषांची वस्ती होती. १९१७च्या कायद्याने आपल्यासकट बहुतेक आशियाला दार लावलं. १९२४च्या कायद्याने इटालियन आणि ज्यू लोकांचा ओघ आटवला आणि ऑर्चर्ड स्ट्रीटवरची घरं रिकामी व्हायला लागली. मग आला १९६५चा कायदा, देश बघून माणसं अडवणारी ही पद्धत मोडणारा. आज चायनाटाउन एवढं पसरलेलं दिसतं ते त्यामुळेच, आणि तुम्ही-मी इथे आहोत तेही त्याच्यामुळेच. आई-बाबांना हे जरूर सांगा. माझ्या बाबांना ते ऐकल्यावर ती वस्ती परक्यांची वाटेनाशी झाली.

गाइड घेऊन जात नसेल तरी दोन जागा तुम्ही दाखवा. ईस्ट ब्रॉडवेवर 'फॉरवर्ड' या यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) दैनिकाची १९१२ची दहा मजली इमारत आहे, दर्शनी भिंतीवर मार्क्स-एंगल्सचे मुखवटे कोरलेले. या दैनिकात १९०६पासून 'बिंटेल ब्रीफ' नावाचं सदर यायचं. त्या नावाचा अर्थ पत्रांचं जुडगं. नवरा सोडून गेला, मुलगी परधर्मीयाच्या प्रेमात पडली, मालक पगार देत नाही, असं सगळं लोक लिहून कळवायचे आणि संपादक उत्तर द्यायचे. दुसरी जागा चॅटम स्क्वेअरमधला लिन झेश्यूचा पुतळा. चीनमधली इंग्रजांची अफू जप्त करून नष्ट करणारा हा अधिकारी. त्या काळी माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि मुंबईतल्या कित्येक बड्या व्यापाऱ्यांचा पैसा त्यातला होता. कुठल्याच गाइडच्या तोंडून मी हे ऐकलेलं नाही, पण आपल्या माणसांना ते कळायला हवं.

लिटल इटली मी गाळते. मलबरी स्ट्रीटच्या दोन-चार चौकांत आता हॉटेलंच उरली आहेत. शिवाय सप्टेंबरच्या मध्यावर तिथे सॅन जेनारोचा उत्सव असतो, १९२६पासून चालत आलेला. तो बघायचा असेल तर वेगळा जा. संताची मूर्ती मिरवणुकीने नेतात, तिला नोटा टाचलेल्या असतात, बाबांना आवडेल. पण टूर त्या गर्दीत नको, गाइडचा आवाजच ऐकू येत नाही.

वाराचं बघून घ्या. सिनेगॉग शनिवारी बंद असतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यूंचे मोठे सणही येतात, त्या दिवशीही बंद. खाजगी गाइड घेतलात तर त्याच्याकडे शहराचा परवाना आहे का ते विचारा, न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. 'वाटेल ते द्या' अशा टूरमध्ये गाइडचं पोट त्या पैशांवरच असतं, तेव्हा हात आखडू नका.

आईंच्या गुडघ्यांसाठी: ९७ नंबरमध्ये जिना चढावा लागतो. शेजारच्या १०३ ऑर्चर्डमधली टूर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ज्यू, पोर्तो रिकन आणि चिनी कुटुंबांची आहे. तिकीट काढण्याआधी फोन करून कुठल्या टूरला किती पायऱ्या आहेत ते विचारा. घराची टूर सकाळी, मग एसेक्स मार्केटमध्ये बसून जेवण, आणि दुपारनंतर चालणं. सलग करू नका.

खाण्याची काळजी नको. ह्यूस्टन स्ट्रीटवर १९१०पासून चालू असलेल्या योना शिमेलच्या दुकानात बटाट्याचा 'क्निश' मिळतो. आत बटाट्याचं सारण, बाहेर पातळ पारी, चवीला अगदी सौम्य. बाबांसाठी पर्समध्ये लसणीची चटणी ठेवा. ग्रँड स्ट्रीटवर पिंपांमध्ये मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्या विकतात, आईंना तिथे नक्की थांबवा.

चालणं कोलंबस पार्कमध्ये संपवा. तिथे एके काळी मलबरी बेंड ही शहरातली सर्वांत बदनाम, कोंदट वस्ती होती. जेकब रीस या डेन्मार्कहून आलेल्या पत्रकाराने तिचे फोटो काढून शहराला दाखवले, ती पाडली गेली आणि १८९७ साली तिथे बाग झाली. संध्याकाळी दगडी टेबलांवर चिनी आजोबा बुद्धिबळ खेळत असतात, आज्या पत्ते कुटत असतात, कुणीतरी दोन तारांचं वाद्य वाजवत बसलेलं असतं. गाइड गेल्यावर आई-बाबांना तिथल्या बाकावर अर्धा तास तरी बसू द्या. कॅनाल स्ट्रीटचं स्टेशन तिथून पाच-दहा मिनिटांवर आहे आणि रस्ता सपाट आहे.